मध्य सोडलेली काच

मामंजींनी कारखान्यात पाऊल टाकायचं सोडलं, आणि सोडलं म्हणजे साफ सोडलं. आता कारखाना काही सातासमुद्रापार नव्हता. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की एक पायरी, आणि पायरी उतरली की चष्म्याच्या काचा घासायचा कारखाना: दोन यंत्रं, एक लांब टेबल, पाण्याचा नळ आणि भिंतीभर डबे. पण ती एक पायरी उतरायला मामंजी राजी नव्हते. दिवसभर स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसायचे, दाराकडे पाठ करून. कान मात्र कारखान्यात. यंत्र जरा वेगळं कुरकुरलं की हातातला कप बशीवर आपटायचे. रुसवा कारखान्यावर आणि जीवही तिथेच अडकलेला, असा सगळा मामला!

दुखणं डोळ्यांचं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं. आतल्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, कडा शाबूत आहेत. पूर्ण अंधार येणार नाही, पण गेलेलं परत येणार नाही आणि याला चष्मा नाही. हे शेवटचं वाक्य मामंजींच्या वर्मी लागलं. घरी आल्याबरोबर दारात चपला काढता काढता म्हणाले, "जन्मभर लोकांना काचा घासून दिल्या, आणि जगात माझ्यासाठी काच नाही. वा रे न्याय!"

तेव्हापासून ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं व्हायचं. कपाकडे बघितलं की कप गायब, बशीची कड तेवढी शिल्लक. माणसांकडे बघितलं की तोंड गायब आणि दोन बाजूंना दोन कान. सुरुवातीला मामंजींनी याचीही थट्टा केली. "सूनबाई, कान आले तुझे, नाक कुठे विसरून आलीस?" म्हणायचे. मुलाला म्हणायचे, "तुझे कान लाल दिसतायत, म्हणजे थापा मारतोयस." पण थट्टा तरी किती दिवस पुरणार? हळूहळू ती आटली. मग कुणी काही दाखवायला आलं की ते हात वर करून थांबवायचे. "मला काही दाखवू नका," एवढंच.

सूनबाईला हे बघवत नव्हतं. ती नावालाच सून. कारखाना आता तीच चालवत होती आणि गिऱ्हाइकंसुद्धा तिला सूनबाईच म्हणायची. खुद्द मुलगा काचेच्या भुकटीनं शिंका देत लहानपणीच या धंद्यातून पळाला होता आणि मालाची गाडी चालवत होता. मामंजींनी मग सुनेला यंत्रावर बसवलं. नातेवाइकांनी नाकं मुरडली, सुनेचे हात काळे करतोय म्हणाले. मामंजी म्हणाले, "हात काळे होत नाहीत, गुलाबी होतात. पॉलिशची पूड गुलाबी असते. माहीत नसेल तर बोलू नये."

पण तिच्यावरचं त्यांचं खरं ऋण त्याहून जुनं होतं. मुलगी बघायला म्हणून हे लोक तिच्या घरी गेले, तेव्हा ती कपात ओतायचं दूध टेबलावर ओतत होती. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मामंजी उठले, तिच्या चेहऱ्यासमोर बोट धरून पुढेमागे केलं आणि तिच्या आईला म्हणाले, "पोरगी वेंधळी नाही हो, तिला दिसत नाही. इतके दिवस काय झोपा काढत होतात?" पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हातानं घासलेल्या जाड काचांचा चष्मा पाठवला. लग्नाचा होकार त्याच्या नंतर आला. तो चष्मा लावून ती संध्याकाळी गच्चीवर गेली आणि तिथेच मटकन बसली. तोवर तिला वाटायचं, तारे म्हणजे कापसाचे बोळे. ते टाचणीच्या टोकाएवढे असतात हे तिला त्या दिवशी कळलं. आभाळ आपल्याला या माणसानं दिलं, असं ती आजही मानत होती, फक्त तोंडानं कधी बोलली नव्हती. घरच्या माणसाचे आभार मानायला जीभ कुठे वळते?

आता त्याच माणसानं जगाकडे पाठ केली होती. त्याला परत त्या पायरीवरून खाली उतरवायचं, याशिवाय तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. किती युक्त्या केल्या! मुद्दाम चुकीचे प्रश्न विचारले, यंत्राचा पट्टा सैल ठेवून कुरकुरू दिला. मामंजींनी कप आपटला, उत्तर दिलं, पण खुर्ची काही सोडली नाही.

अशात एक दिवस तारांगणातल्या बाई आल्या. तारांगणात कृष्णविवरावर एक नवं दालन उभं राहत होतं आणि त्याची सगळी जबाबदारी या बाईंवर होती. उंच, घाईत चालणाऱ्या, बोलायला लागल्या की हातांनी आभाळ रंगवणाऱ्या. कारखान्यात बसायला जागा नव्हती, म्हणून सूनबाईनं त्यांना स्वयंपाकघरातच चहाला बसवलं. मामंजी होतेच खुर्चीत.

"मला एक वेडीवाकडी काच हवीय," बाई म्हणाल्या.

"वेडीवाकडी म्हणजे?"

बाईंनी पिशवीतून लांब दांडीचा एक काचेचा पेला काढला. त्याचा वरचा भाग फुटलेला होता, बूड तेवढं धड होतं. "या बुडासारखी. मध्ये उंच टोक, टोकापासून उतार एकदम खडा, मग कडेला जाता जाता सपाट. प्लॅस्टिकची करून बघितली, पण तिच्यावर यंत्राच्या रेघा राहतात आणि उजेड फाटतो. तुम्ही हातानं घासता असं ऐकलं."

"आणि ही काच करणार काय?"

"कृष्णविवर उजेडाला कसं वळवतं, ते दाखवणार." बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "हे बघा ताई, कृष्णविवर म्हणजे काही भोक नव्हे. प्रचंड वस्तुमान इवल्याशा जागेत कोंबलेलं. त्याच्याभोवती एक हद्द असते. तिच्या आत उजेड गेला की गेला, परत येणं नाही. पण हद्दीच्या बाहेरून जो उजेड जातो तो सरळ जात नाही, वळतो. जवळून गेला तर जास्त, लांबून गेला तर कमी. म्हणून काचसुद्धा मध्ये खडी आणि कडेला सपाट. आणि त्याच्या बरोब्बर मागे एखादा तारा असेल, तर सरळ रेषेत तो आपल्याला दिसायलाच नको, हो ना? पण त्याचा उजेड चारी बाजूंनी वळसा घालून येतो आणि आपल्याला काळ्याभोवती उजेडाचं कडं दिसतं. मागे दडलेलाच पुढे येऊन भेटतो!"

"म्हणजे काळं ते काळंच राहतं," इतका वेळ गप्प असलेले मामंजी एकदम बोलले.

"काळंच राहतं, काका. पण गंमत अशी, की आकाशातल्या सगळ्यात झगझगीत जागा त्याच्या आजूबाजूलाच असतात. त्यात पडणारा वायू सरळ पडत नाही, गरगर फिरत पडतो. फिरता फिरता एकमेकांवर घासतो, घासून तापतो आणि तापून उजळतो. जळण जाळून जेवढी ऊर्जा मिळत नाही, तेवढी त्या घासण्यातून निघते. विवर स्वतः काही देत नाही. त्याच्यात पडणारं जे असतं, ते पडता पडता उजेड देऊन जातं."

"घासलं की तापणारच," मामंजी म्हणाले. "काचसुद्धा तापते. पाणी नाही घातलं तर तडकते." आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. पण त्यांचा चहा निवत होता आणि त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, हे सूनबाईनं टिपलं. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चहा असा विसरला गेला होता.

बाईंनी जाताना आकृती काढलेला कागद ठेवला आणि जाड काचेच्या तीन चकत्या दिल्या. दालन उघडायची तारीख ठरलेली होती, त्यामुळे चौथी चकती मिळायची नव्हती. "सगळ्यात शेवटी मधल्या टोकावर काळी टिकली लावायची," एवढं सांगून त्या गेल्या.

सूनबाईनं काम हाती घेतलं. जाड एमरीनं, म्हणजे घासायच्या खरखरीत पुडीनं, उतार काढला, मग बारीक एमरीनं, मग लोकरी नमद्याच्या गादीवर गुलाबी लेप घेऊन पॉलिशला बसली. उतार छान चकाकला. राहिलं टोक. तेवढं धुरकट होतं. आता या कारखान्याचे दोन नियम होते, दोन्ही मामंजींचे आणि दोन्ही सूनबाईच्या हाडीमासी खिळलेले. एक, मध्य साधला की काच साधली. दोन, धुरकट जागा असलेली काच दाराबाहेर जाता कामा नये. चष्म्याला मध्य हाच जीव. माणूस बघतो तो मध्यातून. तेव्हा ती टोकाच्या मागे लागली. टोक पॉलिश करायला गेलं की गादी घसरायची आणि टोकाभोवतीचा खडा उतार बोथट व्हायचा. काच आरपार लखलखीत झाली. तिनं ती बल्बसमोर धरली. कड्याचा पत्ताच नाही! मध्ये एक फेंगडा उजेडाचा ठिपका, फुगलेल्या लाहीसारखा.

दुसऱ्या चकतीला तिनं गादी लहान केली, हात हलका केला, श्वास रोखून टोक घासलं. टोक पुन्हा चकाकलं आणि उतार पुन्हा बोथट झाला. आता एकच चकती उरली. ती तिनं उतारापर्यंत आणली आणि टोकाजवळ येऊन तिचे हात थांबले. आपल्याच्यानं होत नाही, हे बाईंना सांगावं लागणार. शिवाय मामंजींनी शिकवलेली कला आपण बुडवली, हे त्याहून कडू.

काच फडक्यात गुंडाळून ती स्वयंपाकघरात आली आणि टेबलाशी बसून राहिली.

"आवाज का थांबला?" मामंजींनी विचारलं.

"जमत नाही म्हणून."

"काय जमत नाही?"

"मध्य. टोक साफ करायला जावं तर बाजू बिघडतात. दोन चकत्या मातीत घातल्या, मामंजी. ही शेवटची."

मामंजींनी मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "बाईंनी मध्यावर काय लावायला सांगितलंय?"

"काळी टिकली."

"मग ज्याला काळं फासायचंय ते चकचकीत कशाला करतेस?"

सूनबाई त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. "अहो, पण तुम्हीच तर शिकवलंत! मध्य साधला की काच साधली. धुरकट जागा ठेवली म्हणून माझ्या हातावर फूटपट्टी मारली होतीत!"

"मारली होती. तेव्हा मला मध्य होता." मामंजींनी टेबलावर हात पसरून कप शोधला, कडेकडेनं, आणि त्याचा कान बरोबर पकडला. "आता ऐक. सुरुवातीला मीही तेच करत होतो. दिसत नाही त्या मध्यावरच डोळे रोखून बसायचो. दिसेल, आता दिसेल. हाती काय लागायचं? काळा धोंडा. आणि त्या हट्टापायी कडेचं दिसत होतं तेही हरवायचो. परवा चुकून नजर बाजूला गेली आणि तुझी खिडकी दिसली, खिडकीतलं झाड दिसलं. तेव्हा मध्य सोड. त्याला हातच लावू नकोस. जे काळं आहे ते राहू दे काळं, आणि सगळा जीव बाजूंवर लाव."

सूनबाईनं चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा लावला आणि उठली. त्या दिवशी तिनं आयुष्यात पहिल्यांदा काचेवर एक जागा जाणूनबुजून धुरकट सोडली. हात किती वेळा तिकडे वळला म्हणून सांगावं! खाज सुटल्यासारखी बोटं तिकडे जायची आणि ती त्यांना मागे ओढायची. उतार मात्र असा उतरला, की पाण्याचा थेंब टाकला तर कुठेही न अडखळता खाली यावा. शेवटी टोकावर काळी टिकली बसवली, बल्बसमोर काच धरली, हात जरासा डावीकडे नेला, आणि टिकलीभोवती उजेडाचं कडं उभं राहिलं. गोल, बारीक, कुठेही न तुटलेलं.

"मामंजी!" ती ओरडली. कपाचा आवाज झाला, पण खुर्चीचा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. त्यांनी कडं बघितलं आणि लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या. "ताई, अगदी असंच! काका, तुम्ही पण या ना बघायला."

"मला काही दाखवू नका," स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

झालं. सूनबाईचं डोकं फिरलं. ज्या माणसाच्या बोलण्यानं ही काच झाली, त्यानंच ती बघायची नाही म्हणजे काय! ती काच घेऊन तरातरा पायरी चढली, खिडकीकडे तोंड करून त्यांच्या समोर बसली आणि काच त्यांच्या हातात कोंबली. "तुम्ही येत नाही ना, मग काच आली तुमच्याकडे. बघा. नाही दिसलं तर नाही. पण नकार देऊन मला घालवू नका."

मामंजींनी सुस्कारा सोडला आणि केवळ कटकट मिटावी म्हणून काच डोळ्यांपुढे धरली. पण हात पडला जुना. काच हातात आली की तो आपोआप मध्य शोधणार, पुढेमागे करणार. काच थोडी वर गेली, थोडी उजवीकडे गेली, आणि थांबली.

मामंजी हललेच नाहीत. सूनबाईला वाटलं, दुखलं की काय डोळ्यात.

"नाक," ते म्हणाले.

"काय?"

"अगं, तुझं नाक! सापडलं! सगळ्या बाजूंनी आहे की! गोल गोल नाक... आणि हा चष्मा. हा चष्मा, आणि चष्म्यात डोळे. सूनबाई, डोळे दिसतायत तुझे. तू... रडतेयस की काय?"

"नाही हो."

"खोटं बोलू नकोस, चारी बाजूंनी रडतेयस!" आणि मामंजी हसायला लागले. हसता हसता त्यांनी मोकळ्या हाताच्या पाठीनं गाल पुसला. काच मात्र हातातून तसूभर हलली नाही.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांना जरा वेळानं उमगलं, आणि उमगलं तशा त्या पायरीवरच बसल्या. "काका, तुमच्या नजरेतला काळा भाग आणि काचेची काळी टिकली एकावर एक आले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मध्यात जे हरवत होतं ते काचेनं वळवून कडेला आणलं. आणि कडा तुमच्या चांगल्या आहेत." मग प्रामाणिकपणे म्हणाल्या, "यानं वाचता नाही येणार हं. आणि सगळं असं ताणलेलंच दिसेल."

"वाचायचंय कुणाला, बाई?" मामंजी म्हणाले. "मला माणसं बघायची होती. आता या टिकलीच्या आत जे दिसत नाही, ते मला नाही आणि तुम्हालाही नाही. म्हणजे मी तुमच्यातलाच की!"

सूनबाईला आता राहवेना. तिनं टेबलावरून त्यांचा मोकळा हात धरला आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सरळ बोलून टाकलं. "मामंजी, मला आभाळ तुम्ही दिलंत. मी कधी सांगितलं नाही. तुमचे उपकार आहेत माझ्यावर."

"गप गं," मामंजी म्हणाले, पण हात सोडवून घेतला नाही. "उपकार कसले? मी तुला दोन काचा दिल्या, तू मला एक दिलीस. एक अजून येणं आहे माझं." मग नाक ओढून म्हणाले, "पोरी, देव तुझं भलं करो. मी ही खुर्ची धरून मरणार होतो."

दुपारी मुलगा गाडी लावून जेवायला आला. बापानं दारातच त्याला उभं केलं, काचेतून न्याहाळलं आणि म्हणाले, "अरे, तू टकला कधी झालास?" मुलाला हसावं की रागवावं कळेना. कान मात्र लाल झाले.

काच तारांगणाची होती, ती संध्याकाळी बाईंबरोबर जायची होती. ती सूनबाईनं मऊ फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली. आता पुन्हा तेच काळं, असं तिच्या मनात आलं. बाईंना फाटकापर्यंत पोचवून ती परत आली तर स्वयंपाकघरातली खुर्ची रिकामी. मागचं दार सताड उघडं.

मामंजी पायरी उतरून लांब टेबलाशी उभे होते, मान जराशी तिरकी करून. वाया गेलेल्या दोन चकत्यांपैकी एक त्यांच्या हातात होती आणि दुसऱ्या हातानं ते डबे चाचपत होते.

"ही जाड आहे अजून, उतार पुन्हा काढता येईल," ते म्हणाले. "जाड एमरी कुठे ठेवलीस? सगळी जागा बदलून टाकलीयस माझ्या डब्यांची."

"खालच्या फळीवर, मामंजी. देऊ काढून?"

"मी घेतो. तू नळ सोड," मामंजी म्हणाले. "आणि मध्याला हात लावशील तर बघ!"